चांदणीवाडा

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी बाबांना नागपूरहून अमेरिकेत, श्रूजबरीला आणलं. सहा महिने राहतील, जरा हवापालट होईल, असा हिशेब. बाबा म्हणजे शाळेतले गणिताचे मास्तर. आई होती तोवर घरात यांचीच बडबड. ती गेली आणि फोनवर नुसतं "हं", "हो", "ठीक आहे". इथे येऊनही तेच. मी सकाळी गाडी काढून ऑफिसला जायची ती संध्याकाळी उगवायची.

"काय केलं दिवसभर?"

"पाहून राहिलो होतो."

"काय?"

"बर्फ."

झालं! पुढे काय बोलणार, डोंबल? मला मनातून भीती वाटायला लागली होती. माणूस असा गप्प गप्प होत जातो आणि एक दिवस आपल्याला कळतं की तो केव्हाच उठून गेलाय. आईच्या मागोमाग बाबाही माझ्या देखत चालले होते, आणि मी त्यांना जेवण गरम करून देण्यापलीकडे काही करू शकत नव्हते.

मग मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. तेव्हा आम्हा परदेशातल्या मराठी लोकांचं एक संकेतस्थळ होतं. पिस्कॅटवेचे, सनीव्हेलचे, कुठकुठचे लोक तिथे ऑफिसच्या वेळात यायचे. पाककृती टाकायचे, भांडायचे, आपापल्या गावाच्या आठवणी काढून उसासे सोडायचे. इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. बाबांना याचीच गंमत वाटली. एका बोटाने 'ka' दाबायचं, 'क' आला की माझ्याकडे बघून हसायचं. मी म्हटलं, चला, निदान हसले तरी.

नवीन खातं उघडायला चालकांची परवानगी लागायची, वेळ जायचा. म्हणून बाबा माझ्याच खात्यावरून लिहू लागले. खाली "एक निवृत्त मास्तर" अशी सही. पहिल्यांदा त्यांनी नवाचा पाढा बोटांवर कसा शिकवायचा ते लिहिलं. लोक खूष. मग शाळेतल्या तपासणीची गंमत लिहिली. लोक आणखी खूष. "मास्तरकाका, अजून लिहा ना" म्हणून मागे लागले. संध्याकाळी मी दार उघडते न उघडते तोच बाबा विचारायचे, "अगं, ते सनीव्हेलवाले काय म्हणून राहिले पाहिलं का?" चहासुद्धा स्वतः करून ठेवायला लागले. तुम्हाला सांगते, इतकं हलकं वाटत होतं! बाबा परत आले होते.

त्या संकेतस्थळावर शिव्या गाळायचा एक फिल्टर होता. चालकांनी शिव्यांची यादी केली होती. यादीतला शब्द कुणी लिहिला की त्याच्या जागी आपोआप चांदण्या उमटायच्या. जुन्या पुस्तकांत फुल्या असायच्या, त्यातलाच प्रकार. पण फिल्टरला अक्कल कुठली! एकदा कुणा काकूंनी बाल्कनीतल्या टोमॅटोंना गांडूळखत कसं घालावं ते लिहिलं. आता गांडुळाच्या पोटात एक शिवी दडलेली आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. फिल्टरच्या लगेच आलं. पडद्यावर "★★★ळखत". काकू बिचाऱ्या विचारत होत्या की माझं खत कुठे गेलं, आणि सगळं संकेतस्थळ हसून लोळत होतं. ज्यांना खरोखर शिव्या द्यायच्या असत ते बेटे अक्षरांच्या मधे टिंबं घालून लिहायचे. त्यांना फिल्टर काही करू शकायचा नाही.

मे महिन्यात 'माझं गाव' नावाची चर्चा सुरू झाली. झाडून सगळ्यांनी लिहिलं. कुणाची आंब्याची बाग, कुणाची नदी, कुणाच्या आजोळची पंगत. बाबा रोज वाचायचे आणि काही बोलायचे नाहीत. मग एके दिवशी म्हणाले, "मी पण लिहून राहिलो." चांगला आठवडाभर त्यांचं एका बोटाचं टकटक चाललं होतं. मला दाखवायला तयार नव्हते. "छापून आल्यावर वाच," म्हणाले. छापून! मी हसले.

लेख दुपारी चढला तेव्हा मी ऑफिसात होते. डबा खाता खाता क्युबिकलमधे उघडला. बाबांनी लिहिलं होतं ते असं:

"माझा जन्म ★★★वाड्यातला. आमच्या वाड्यात पहिली सायकल माझ्या बापानं आणली. तो नागपुरात गिरणीत होता. सुट्टीत आला की मला कॅरिअरवर बसवून फिरवायचा. पण गाव लागलं की खाली उतरायचा, मला पण उतरवायचा. मग चावडी, देऊळ, पाटलाचं घर, सगळं मागं पडेपर्यंत सायकल हातात धरून चालायचा. पुढं शेतं लागली की पुन्हा बसायचा. मला वाटे, सायकलीचा नियमच असा असेल. गावात ढकलायची आणि शेतात चालवायची. पुढं नागपुरात शिकायला आलो. पाहतो तर भर बाजारात लोक सायकलवर बसून चालले. मी मनात म्हणलं, किती नियम मोडतात हे लोक!  ★★★ माणसानं गावात सायकलवर बसायचं नाही, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं."

खाली धडाधड प्रतिक्रिया. "मास्तरकाका, हा चांदणीवाडा कुठे आला? आम्हालाही न्या!" "काका, सायकल ढकलून ढकलून शेवटी तोंडातून शिवी निघालीच का?" "मास्तर शिव्या देतात, आता शाळेत नाव घाला!" कुणी हसून हसून पुरेवाट झाल्याचं लिहिलेलं. कुणी तर चांदण्यांच्या जागी कोणती शिवी बसेल याचे अंदाज बांधत होतं.

मला प्रथम वाटलं, बाबा आणि शिवी? आमच्या घरात कुणी 'आयला' म्हटलं तरी बाबांच्या कपाळावर आठी. मग मी ते वाक्य पुन्हा वाचलं. वाडा. कुठला वाडा? आणि हातातला चमचा हातातच राहिला. बाबांनी महारवाडा लिहिलं होतं. फिल्टरने त्याला शिवी ठरवलं होतं.

आता सांगते ते लिहायलाही लाज वाटते, पण जे झालं ते झालं. माझा पहिला विचार हा नव्हता की केवढा अपमान झाला. मी इकडेतिकडे बघितलं, प्रतिक्रिया पुन्हा एकदा खालपर्यंत वाचल्या, कुणालाच कळलेलं नाही याची खात्री केली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

कारण त्या खात्याला माझं नाव होतं, आणि श्रूजबरीतल्या निम्म्या मराठी लोकांना ते माहीत होतं. आमच्या आडनावावरून काही कळत नाही. रंगरूपावरून, बोलण्यावरूनही नाही. सरळ तोंडावर कुणी विचारत नाही. विचारतात ते भलत्याच वाटेने. वरच्या मजल्यावर पुण्याच्या एक काकू मुलाकडे राहायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे गौरी उभ्या की खड्यांच्या?" मी म्हटलं, "आमच्याकडे आता नाही बसवत." त्या 'आता'ने किती काम केलं म्हणून सांगू! काकूंना वाटलं, आई गेली, घरात करणारं कुणी नाही. बिचारी पोर. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती, ती तर अमेरिकेत कुणाच्याही हॉलमध्ये असते. "छान शोपीस आहे हं," म्हणून लोक हात लावून बघायचे. मी म्हणायची, "हो ना, सेलमध्ये मिळाला." ती मूर्ती आईची होती.

संध्याकाळी घरी आले तर बाबा कागद-पेन्सिल घेऊन कॉम्प्युटरसमोर बसलेले. चहा नाही. मला बघून म्हणाले, "ये, बस. एक कोडं आहे."

"कसलं कोडं?"

"हे यंत्र शब्दातली शिवी शोधतं, असंच ना? गांडुळात सापडली तशी. मग माझ्या शब्दात कोणती सापडली त्याला? मी दुपारपासून शोधून राहिलो." कागदावर त्यांनी अक्षरं सुटी करून मांडली होती. "हे बघ. 'म' आणि 'हा'. महा. महा म्हणजे मोठा, ती काही शिवी नाही. मग 'हार'. हार तर गळ्यात घालतात. उलटं पण करून पाहिलं. र, हा, म. रहाम? असा शब्दच नाही. इंग्रजीतून पण पाहिलं. तुला काही दिसते का?"

गणिताचे मास्तर! उत्तर काढल्याशिवाय सोडणार नव्हते. खरोखर त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि मी समोर उभी, पर्स अजून खांद्याला. मला सांगावंसं वाटत होतं की होय बाबा, यंत्र मूर्ख आहे, कुठल्यातरी कानडी नाहीतर बंगाली शिवीशी जुळलं असेल, सोडून द्या. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं.

"बाबा, आत काही नाहीये."

"मग?"

"अख्खा शब्दच यादीत आहे."

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. रडले बिडले नाहीत. नुसते कानापर्यंत लाल झाले, मार खाल्लेल्या पोरासारखे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या वयाच्या माणसाला अमेरिकेत आणून मी हे दाखवलं.

मग माझी चीड उसळली. खरं तर लाजेचीच चीड ती, पण निघाली बाबांवर. "पण तुम्ही लिहिलाच कशाला तो शब्द? तुम्हीच तर घरात बंदी केली होती!"

आणि ते खोटं नव्हतं. मी तिसरीत असताना शाळेतल्या एका मुलीने मला तो शब्द ऐकवला होता. अर्थ कळला नाही म्हणून घरी येऊन विचारला. बाबा म्हणाले, "आपण बौद्ध आहोत. हे नाव आपण सोडलं. या घरात ते पुन्हा काढायचं नाही." आईनेही मान हलवली. त्या दिवसापासून तो शब्द मी कधी तोंडातून काढला नाही. दुसऱ्या कुणी काढला की मी खोलीतून उठून जायची.

"जात सोडली मी," बाबा म्हणाले. "जिथं जन्मलो त्या जागेला काय म्हणू? त्या वाड्याला दुसरं नावच नव्हतं. या लोकांनी सगळ्यांनी आपापल्या गावाबद्दल लिहिलं, मला वाटलं आपण पण लिहावं. खोटं नाव टाकून कसं लिहू?"

"मग अक्षरांच्या मधे टिंबं घाला. चालतं तसं. फिल्टरला कळत नाही."

"टिंबं कोण घालते?"

मी पर्स खांद्यावरून काढून खुर्चीला अडकवली.

"तूच म्हणाली होती. शिव्या देणारे घालतात. मी काय शिवी देऊन राहिलो?" आवाज चढला नव्हता, पण शाळेतली पोरं ज्या आवाजाला घाबरायची तो होता. "असं कर. ज्यानं ही यादी केली त्याला फोन लाव. त्याला म्हण, शब्द काढ. नाही काढायचा असेल तर माझा लेखच काढून टाक. चांदण्यांवाला मला नको."

म्हणजे एवढ्यावर आलं होतं. तो लेख गेला असता तर बाबांनी त्या कॉम्प्युटरला पुन्हा हात लावला नसता, हे मला पक्कं माहीत होतं. पुन्हा बर्फ. आणि आता तर बर्फसुद्धा वितळला होता.

शनिवारी दुपारी मी फोन लावला. चालक पिस्कॅटवेला राहायचे, मूळचे पुण्याचे. इथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात भेट झाली होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. सज्जन माणूस. नोकरी सांभाळून हे संकेतस्थळ चालवायचे, कुणाकडून काही न घेता.

"अरे वा, मास्तरकाकांची मुलगी! काका एकदम हिट आहेत हं. आणि त्या शिव्यांचं टेन्शन घेऊ नका, फिल्टर कशाला आहे!"

"शिवी नाहीये ती," मी म्हटलं.

"मग?"

"एक शब्द आहे. म्हणजे... जातीचा."

"जातीचा? ओह. ओह! म्हणजे 'तो'?"

"हो. तो."

"म्हणजे 'म'ने सुरू होतो तो?"

"हो, तोच."

"अच्छा, अच्छा. तो आम्ही मुद्दाम टाकलाय यादीत. मागे आरक्षणाच्या चर्चेत लोकांनी फार घाण केली होती यार. काहीच्या काही. मग ठरवलं की तो नकोच. कुणाला लागायला नको. त्यांच्याच भल्यासाठी आहे ते."

त्यांच्याच. मला ऐकू आलं ना ते. अगदी स्पष्ट. मला म्हणता आलं असतं की अहो, त्यांच्या नाही, आमच्या. मी म्हटलं, "हं."

"काकांना सांगा ना, नुसतं 'वस्ती' लिहा. नाहीतर मी 'दलित वस्ती' असं करून देऊ? मीच बदलतो, पाच मिनिटांचं काम."

"त्यांना तोच हवाय."

"तोच म्हणजे तो?"

"हो. तो."

शिकलेसवरलेले दोघं, दिवसभर कंपन्यांची मोठमोठी कामं करणारे, आणि दुपारच्या वेळी 'तो', 'तसला', 'त्यातला' करत बसलो होतो. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका परवडल्या. आमच्या दोघांच्याही तोंडात चांदण्याच होत्या. त्यांना निदान सवय नव्हती. मला काय झालं होतं?

मग ते फार सांभाळून म्हणाले, "मी काय म्हणतो, काका तिकडे शिक्षक म्हणून होते ना? म्हणजे त्या लोकांत काम केलं असेल त्यांनी. मग ते तसं क्लिअर करूया का लेखात? लोकांचा गैरसमज नको."

लेखात पहिलंच वाक्य 'माझा जन्म' असं होतं. त्यांनीही वाचलं असणार. पण माणूस सभ्य. मला दार उघडून देत होता, की घ्या, इथून निघून जा, मी काही बघितलं नाही. मी हो म्हणणार होते की नाही, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. मी गप्प होते एवढं खरं.

तेवढ्यात फोनवर दुसराच आवाज आला. स्वयंपाकघरात फोनचा दुसरा रिसिव्हर होता. बाबांनी तो कधी उचलला होता, मला पत्ता नाही.

"नमस्कार. मी मास्तर बोलून राहिलो. मी महार होतो. तिथंच जन्मलो. शिक्षक नंतर झालो."

पलीकडून एकदम, "काका! नमस्कार, नमस्कार. सॉरी, आय मीन, मला अजिबात काही प्रॉब्लेम नाही हं काका!"

"मला पण नाही," बाबा म्हणाले.

"तसं नाही काका, पण शब्द यादीतून काढला ना, तर लोक पुन्हा शिवी म्हणून वापरतील. तुम्हालाच त्रास होईल."

"वापरू द्या की. कोणी वापरला ते तरी दिसेल. आता तुम्ही सगळ्यांनी मिळून मलाच शिवराळ ठरवलं. ते पोरगं लिहिते, मास्तरला शाळेत घाला म्हणून. चाळीस वर्षं शाळेतच होतो मी."

"सॉरी काका. खरंच सॉरी. करतो मी. आज काढतो."

"मेहरबानी," बाबा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला. मीही ठेवला. निरोपाचं बोलायचं राहूनच गेलं.

मला स्वयंपाकघरात जायचं धाडस होईना. पाचवीतल्या पोरीसारखी सोफ्यावर बसून राहिले. बाबांनी सगळं ऐकलं होतं. "हो, तो" ऐकलं होतं. "हं" ऐकलं होतं. आणि शेवटचं ते गप्प बसणंही. शेवटी तेच बाहेर आले आणि समोरच्या खुर्चीत बसले.

मी म्हटलं, "बाबा, मला सवयच नाही हो त्या शब्दाची. तुम्हीच म्हणाला होता घरात नको म्हणून." माझंच मला ऐकवेना. आवाज रडका, आणि वर दोष त्यांना.

"म्हणालो होतो," बाबा म्हणाले. "मी तो शब्द टाकला, बेटा. माझा होता, मी टाकला. तू टाकला नाही. तू लपवून राहिली."

रागावले असते तर बरं झालं असतं. मला उलट बोलता आलं असतं, मी भांडायला काही कमी नाही. पण ते रागावलेच नाहीत. उठले, म्हणाले, "जेवायचं काय?" आणि भाताला तांदूळ काढायला गेले. मी त्यांच्या मागे गेले, कांदा चिरायला घेतला. त्या दिवशी आम्ही जेवणाशिवाय कशाबद्दलच बोललो नाही.

रविवारी सकाळी मी आधी उठून कॉम्प्युटर लावला. चालकांनी शब्द पाळला होता. लेख सगळा दिसत होता, पहिल्या ओळीपासून. खाली जुन्या हसण्याच्या प्रतिक्रिया तशाच. नवीन एकही नव्हती. 'काका, अजून लिहा' म्हणणारे सगळे एकदम कुठे गेले, कोण जाणे. रविवार होता म्हणावं, तर शेजारच्या भरल्या वांग्याच्या चर्चेत सकाळपासून गर्दी होती.

बाबा दात घासून आले. माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. चष्मा आतच राहिला होता.

"दिसते का आता?"

"दिसतं."

"काय दिसते?"

मला कळलं ते काय विचारतायत. पडद्यावर होता तो, काळ्या अक्षरात, माझ्या नाकासमोर. घरात आम्ही दोघंच. नुसतं वाचून दाखवायचं होतं.

"सगळं दिसतं, बाबा," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. आत गेले, चष्मा घेऊन आले, दुसरी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. आणि स्वतःच वाचायला लागले. मोठ्याने. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज, ठणठणीत. "माझा जन्म महारवाड्यातला. आमच्या वाड्यात पहिली सायकल माझ्या बापानं आणली."

आई गेल्यापासून मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. तो ऐकायला मी त्यांना एवढ्या लांब आणलं होतं. आणि मी काय केलं? हवा छान होती म्हणून बाल्कनीचं काचेचं दार उघडं होतं, वरच्या बाल्कनीतून काकूंच्या कपबशांचा आवाज येत होता. मी उठले आणि दार सरकवून लावलं.

बाबांनी मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं. पुढचं वाक्य त्यांनी हळू आवाजात वाचलं.